ऑर्डर बदला म्हटलं की लिमिट्स उलट्या करू नका: डबल इंटिग्रल पायरी-पायरीने

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचं मॅथ्स असो की बीएस्सीचं, समर-विंटरचे जुने पेपर काढून बसलं की 'चेंज द ऑर्डर ऑफ इंटिग्रेशन' वाला प्रश्न सापडतेच, आणि तो दिसला की अर्धे पोट्टे एकच काम करतात. आतल्या लिमिट्स बाहेर, बाहेरच्या आत, डीवाय डीएक्सचं डीएक्स डीवाय, झालं. मग शेवटच्या उत्तरात एक्स तसाच लटकून राहते आणि विचारतात, सर एक्स काहून उरला?

उरणारच ना. लिमिट्सची अदलाबदल म्हणजे ऑर्डर बदलणं नाही. ज्या जागेवर इंटिग्रेशन चाललंय ती जागा, म्हणजे रीजन, तोच राहते, फक्त तो कोणत्या दिशेने कापायचा ते बदलते. वावर तेच, वखर उभं चालवलं का आडवं एवढाच फरक. आणि आडवं चालवायचं तर धुरा कुठून कुठपर्यंत आहे ते नव्याने पाहावं लागते, ते जुन्या लिमिट्सकडे नुसतं पाहून कळत नाही, त्यासाठी चित्र काढावं लागते.

ही वाईट सवय लागते कुठून तेही सांगतो. चारही लिमिट्स नुसते आकडे असले तर रीजन रेक्टँगल असते, तिथे अदलाबदल केली तरी उत्तर बरोबर येते (फंक्शन धड असलं तर, त्यावर शेवटी बोलू). दोन-तीन गणितं तशी सुटली की वाटते हाच नियम आहे. एका जरी लिमिटमध्ये व्हेरिएबल आलं की तो नियम संपला.

लिहिण्याबद्दल एक गोष्ट. खाली मी 'एक्स: ० ते ४' असं लिहिलं आहे, इंटिग्रलच्या चिन्हाला खाली-वर तुम्ही वहीत लावून घ्या. सगळ्या पायऱ्या या एका गणितावर दाखवतो:

∫ (एक्स: ० ते ४) ∫ (वाय: √एक्स ते २) १/(१+वाय³) डीवाय डीएक्स

आताच वहीत उतरवून घ्या, नुसतं वाचून हे डोक्यात बसत नाही.

तयारी: पेन उचलायच्या आधी

पेन्सिल, पट्टी आणि अर्धं पान मोकळं. चित्र कोपऱ्यात रुपयाएवढं काढू नका, त्यात कर्व कुठे कापतात तेच दिसत नाही आणि पुढचं सगळं चुकते.

दुसरी तयारी कर्व्हची. ज्या कर्व्हवरून लिमिट्स येतात ते मोजकेच असतात: सरळ रेषा, पॅराबोला, सर्कल, कधीमधी एक्स गुणिले वाय बरोबर काहीतरी. प्रत्येक कर्व दोन्ही बाजूंनी वाचता आला पाहिजे, वाय बरोबर काय आणि एक्स बरोबर काय. वाय = √एक्स म्हणजे एक्स = वाय², पण फक्त वरचा अर्धा भाग, कारण रूट कधी मायनस नसते. वाय = √(२एक्स − एक्स²) पाहून घाबरायचं नाही, दोन्ही बाजूंचा वर्ग करा, (एक्स−१)² + वाय² = १ मिळते, सेंटर (१, ०) आणि त्रिज्या १ असलेल्या सर्कलचा वरचा अर्धा. त्यालाच एक्सच्या भाषेत लिहायचं तर एक्स = १ ± √(१−वाय²), प्लसवालं उजवीकडचं, मायनसवालं डावीकडचं.

तिसरं, ऑर्डर बदलायची गरज का पडली ते एकदा पाहून घ्या. आपल्या गणितात आतलं इंटिग्रेशन १/(१+वाय³) चं वायच्या संदर्भात आहे. ते होते, असं नाही की होत नाही, पार्शल फ्रॅक्शन करा, लॉग येईल, टॅन इन्व्हर्स येईल, मग त्यात √एक्स टाका आणि ते सगळं परत एक्ससाठी इंटिग्रेट करत बसा, पेपरचा वेळ तिथेच संपते. ई^(वाय²), साइन(वाय²), साइन वाय भागिले वाय, ही मंडळी तर आणखी पुढची, यांचं इंटिग्रेशन नेहमीच्या फंक्शनमध्ये लिहिताच येत नाही. आत असं काही दिसलं आणि ते ज्या व्हेरिएबलमध्ये आहे त्याचंच इंटिग्रेशन आधी करायला सांगितलं असलं, तर प्रश्नात लिहिलेलं नसलं तरी ऑर्डर बदलायची आहे हे समजून जा.

१. आतलं कोण, बाहेरचं कोण

आतलं डिफरन्शियल आधी. आपल्याकडे डीवाय आत आहे, म्हणजे आतल्या लिमिट्स (√एक्स ते २) वायच्या, बाहेरच्या (० ते ४) एक्सच्या.

छापताना कधी कधी डीएक्स डीवाय उलटसुलट पडलेलं असते, काही पुस्तकांत तर डीएक्स आधीच लिहून मग दुसरं इंटिग्रलचं चिन्ह येते. गोंधळ झाला तर लिमिट पाहा. ज्या लिमिटमध्ये एक्स आहे ती वायचीच लिमिट असणार, एक्सची लिमिट एक्समध्येच असूच शकत नाही.

चेक: सगळ्यात बाहेरच्या दोन्ही लिमिट्स आकडे आहेत ना? नसतील तर प्रश्न उतरवतानाच चूक झाली, परत पाहा.

२. चार लिमिट्सची चार समीकरणं

एकाखाली एक लिहा, मनात धरू नका:

वाय = √एक्स (खालून)
वाय = २ (वरून)
एक्स = ० (डावीकडून)
एक्स = ४ (उजवीकडून)

कंसातले शब्द मुद्दाम लिहिलेत. बहुतेक जण समीकरणं लिहितात आणि कोणती खालची कोणती वरची ते विसरून जातात, मग रीजन नेमका उलट्या बाजूचा शेड होते. इथेच एक सापळाही असते: कधी कधी प्रश्नात खालची लिमिट मोठी आणि वरची लहान देतात, जसं वाय: १ ते एक्स², एक्स: ० ते १. तसं असलं तर आधी मायनस बाहेर काढून लिमिट्स सरळ करा, वाय: एक्स² ते १, आणि मगच चित्राला हात लावा. तो मायनस शेवटपर्यंत सोबत न्या, मधेच तो गायब होणं फार कॉमन आहे.

३. कोपरे काढा

दोन-दोन समीकरणं एकत्र सोडवा. वाय = √एक्स आणि वाय = २ कुठे भेटतात? एक्स = ४ वर, म्हणजे (४, २). वाय = √एक्स आणि एक्स = ० कुठे? (०, ०). एक्स = ० आणि वाय = २ कुठे? (०, २). झाले तीन कोपरे.

एक्स = ४ या रेषेचं काय झालं मग? ती रीजनला फक्त (४, २) या टोकावर शिवते, बाजू म्हणून येतच नाही. चार लिमिट्स म्हणजे चार बाजू असा आग्रह धरू नका.

४. चित्र आणि शेडिंग

आता अक्ष काढा, कोपरे मांडा, कर्व जोडा. √एक्सचा कर्व सुरुवातीला झपकन वर जाते आणि मग आडवा पडते, तो सरळ रेषेसारखा काढला तरी इथे चालून जाईल, पण दोन कर्व्हमधलं रीजन असलं की तेवढ्यानेही वरचा खाली होते.

शेड करायच्या आधी एक पॉइंट घालून पाहा. (१, १.५) घ्या. एक्स ० आणि ४ च्या मधे आहे का? हो. वाय √१ म्हणजे १ आणि २ च्या मधे आहे का? हो. म्हणजे हा पॉइंट आत, ही बाजू शेड करा. दहा सेकंदाचं काम आहे आणि सगळ्यात जास्त मार्क हेच वाचवते, तरी कोणी करत नाही.

या शेडिंगवर आधी जुन्या ऑर्डरची पट्टी काढा (पट्टी म्हणजे रीजनची एक बारीक स्ट्रिप, तयारीतली फूटपट्टी नाही). डीवाय आधी होतं म्हणजे उभी पट्टी, वाय-अक्षाला पॅरलल. तिचं खालचं टोक √एक्सच्या कर्व्हवर, वरचं वाय = २ वर, आणि ती पट्टी एक्स = ० पासून ४ पर्यंत सरकते. प्रश्नातल्या लिमिट्सशी जुळलं? जुळलं तरच पुढे जा. नाही जुळलं तर चित्र चुकलंय, आणि चुकीच्या चित्रावरून कितीही व्यवस्थित गणित केलं तरी उत्तर येणार नाही.

५. पट्टी फिरवा

आता खरं काम. उभी पट्टी खोडा, आडवी काढा, एक्स-अक्षाला पॅरलल. डावीकडून उजवीकडे बोट फिरवत न्या: रीजनमध्ये कुठे शिरलो? एक्स = ० वर. बाहेर कुठे पडलो? √एक्सच्या कर्व्हवर. पण आता एक्सची लिमिट पाहिजे, म्हणून तो कर्व एक्सच्या भाषेत: एक्स = वाय².

म्हणजे एक्स: ० ते वाय². आतल्या लिमिट्स तयार.

मग ती पट्टी खालपासून वरपर्यंत सरकवा. सगळ्यात खालचा पॉइंट वाय = ०, सगळ्यात वरचा वाय = २. बाहेरच्या लिमिट्स ० ते २.

इथे होणारी चूक ऐका. पोट्टे बाहेरची लिमिटसुद्धा कर्व्हवरून घेतात, वाय: √एक्स ते २ असं जुनंच लिहून मोकळे होतात, 'वायची लिमिट तर दिलीच आहे ना सर' म्हणतात. ती लिमिट एका ठरावीक एक्सवरच्या उभ्या पट्टीची होती. आता पूर्ण रीजनमध्ये वाय कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती, एवढंच विचारायचं, उत्तर नुसता आकडा.

६. क्षेत्रफळाचा चेक, हा सोडू नका

इंटिग्रेट करायच्या आधी फंक्शनच्या जागी १ टाका आणि दोन्ही ऑर्डरने क्षेत्रफळ काढा.

जुनं: ∫ (एक्स: ० ते ४) (२ − √एक्स) डीएक्स = ८ − १६/३ = ८/३
नवं: ∫ (वाय: ० ते २) वाय² डीवाय = ८/३

जुळलं. जुळलं नाही तर लिमिट्स शंभर टक्के चुकल्या. जुळलं म्हणजे शंभर टक्के बरोबरच असं मात्र नाही, आरशातल्यासारखा उलटा रीजन घेतला तरी क्षेत्रफळ तेवढंच येऊ शकते, म्हणून पॉइंटवाला चेक आधी सांगितला.

७. आता इंटिग्रेट करा

∫ (वाय: ० ते २) ∫ (एक्स: ० ते वाय²) १/(१+वाय³) डीएक्स डीवाय

आतल्या इंटिग्रेशनसाठी वाय कॉन्स्टंट आहे, म्हणून १/(१+वाय³) तसंच्या तसं बाहेर आणि आत नुसता एक्स, त्यात ० ते वाय². उरलं वाय²/(१+वाय³). वरचं वाय² हे खालच्या डेरिव्हेटिव्हचा एक तृतीयांश आहे, म्हणून इंटिग्रेशन (१/३) लॉग(१+वाय³), ० ते २ टाकलं की (१/३) लॉग ९, म्हणजेच (२/३) लॉग ३. साधारण ०.७३. लॉग इथे नॅचरल आहे, कॅल्क्युलेटरवर दहाच्या बेसचा दाबू नका.

अंदाजाने तपासा: रीजनमध्ये फंक्शन १/९ ते १ च्या मधे राहते, क्षेत्रफळ ८/३, म्हणजे उत्तर साधारण ०.३ ते २.६७ च्या आत पाहिजे. आहे. मायनस आलं असतं किंवा ५ आलं असतं तर परत मागे.

पट्टी मधेच तुटली तर

वरचं गणित सरळ होतं. जिथे खरी वाट लागते ते हे:

∫ (एक्स: ० ते २) ∫ (वाय: एक्स² ते ६−एक्स) एक्स डीवाय डीएक्स

समीकरणं लिहा: खालून पॅराबोला वाय = एक्स², वरून रेषा वाय = ६ − एक्स, डावीकडून एक्स = ०, उजवीकडून एक्स = २. पॅराबोला आणि रेषा कुठे कापतात? एक्स² + एक्स − ६ = ०, म्हणजे एक्स = २ किंवा −३. हा −३ पाहिला की काही जण डावीकडे (−३, ९) पर्यंत रीजन ओढून नेतात. एक्स ० ते २ दिलंय ना? मग −३ सोडून द्या. कोपरे फक्त (०, ०), (२, ४) आणि (०, ६).

आता आडवी पट्टी खालून वर सरकवत न्या आणि उजवं टोक कशावर टेकते ते पाहत राहा. वाय ४ होईपर्यंत पॅराबोलावर, एक्स = √वाय. वाय ४ च्या वर गेला की रेषेवर, एक्स = ६ − वाय. टोक ज्या कर्व्हवर टेकते तो बदलला की इंटिग्रल तिथे तुटलं, दोन भाग करायचे:

पहिला: वाय: ० ते ४, एक्स: ० ते √वाय
दुसरा: वाय: ४ ते ६, एक्स: ० ते ६−वाय

तुटायची जागा कुठे? कोपऱ्यातून जाणाऱ्या आडव्या रेषेवर. म्हणून कोपरे आधी काढायला लावतो. प्रत्येक कोपऱ्यातून आडवी रेषा ओढा, ती रीजनच्या आतून गेली तर तिथे तुटू शकते, नुसती टोकाला शिवून गेली तर नाही.

पहिल्या भागात आतलं एक्सचं इंटिग्रेशन वाय/२ देते, ० ते ४ केलं की ४. दुसऱ्यात (६−वाय)²/२, ४ ते ६ केलं की ४/३. बेरीज १६/३. जुन्या ऑर्डरनेही करून पाहा, एक्स(६ − एक्स − एक्स²) चं ० ते २ इंटिग्रेशन १२ − ८/३ − ४, तेच १६/३. खरं सांगायचं तर इथे जुनी ऑर्डरच सोपी होती, प्रश्नात बदला म्हटलं म्हणून बदलली. मोकळी निवड असली तर ज्या दिशेने पट्टी तुटत नाही ती घ्या, आतलं इंटिग्रेशन अडत नसेल तोपर्यंत.

सावधान: दोन भाग केले की फंक्शन दोन्हीकडे लिहायचं असते. दुसऱ्या भागात नुसत्या लिमिट्स लिहून फंक्शन विसरलेले पेपर कमी नसतात.

रूटचं चिन्ह

एक्स: −१ ते ०, वाय: ० ते एक्स². रीजन वाय-अक्षाच्या डावीकडे आहे. आडवी पट्टी एक्स = −१ वर शिरते आणि पॅराबोलावर बाहेर पडते, तिथे एक्स मायनस आहे, म्हणून एक्स = −√वाय. नव्या लिमिट्स एक्स: −१ ते −√वाय, वाय: ० ते १. क्षेत्रफळ दोन्हीकडून १/३ येते. +√वाय लिहिलं तर ५/३ येईल, क्षेत्रफळाच्या चेकमध्ये लगेच पकडल्या जाते.

इन्फिनिटी असली तर

∫ (एक्स: ० ते ∞) ∫ (वाय: एक्स ते ∞) ई^(−वाय)/वाय डीवाय डीएक्स

पायऱ्या त्याच. रीजन वाय = एक्स या रेषेच्या वरचा, पहिल्या क्वाड्रंटमधला. आडवी पट्टी एक्स = ० वर शिरते, रेषेवर एक्स = वाय ला बाहेर पडते. म्हणजे एक्स: ० ते वाय, वाय: ० ते ∞. आत एक्सचं इंटिग्रेशन वाय देते, खालचा वाय कापला जाते, उरते ई^(−वाय), उत्तर १. इथे लोक एक्स: वाय ते ∞ लिहितात, म्हणजे रेषेच्या खालचा भाग घेतात, कारण जुन्या लिमिट्समध्ये ∞ आत होती म्हणून नव्यातही आत पाहिजे असं वाटते. (१, २) हा पॉइंट घालून पाहिलं की समजते कोणती बाजू.

कधी बदलू नये

फंक्शन आणि बाउंड्री दोन्हीत एक्स² + वाय² च भरलेलं असलं, सर्कलचा भाग असला, तर ऑर्डर बदलून काही हाती लागत नाही, सिमेट्रीमुळे तेच परत समोर येते. तिथे पोलर करा, म्हणजे एक्स-वायच्या जागी आर आणि थीटा घ्या.

आणि फंक्शन रीजनमध्ये कुठे फुटत असलं, म्हणजे डिनॉमिनेटर शून्य होत असलं, तर थांबा. (एक्स² − वाय²)/(एक्स² + वाय²)² घ्या, एक्स आणि वाय दोन्ही ० ते १. वाय आधी केलं तर पाय/४ येते, एक्स आधी केलं तर मायनस पाय/४. चुकलं कुठेच नाही, (०, ०) जवळ फंक्शन प्लसमध्येही बेफाम आणि मायनसमध्येही बेफाम, त्यामुळे ऑर्डर बदलायची परवानगीच नाही. फुबिनीचा नियम म्हणते की फंक्शनच्या ॲब्सोल्यूट व्हॅल्यूचं डबल इंटिग्रल फायनाइट असलं पाहिजे. फंक्शन सगळीकडे प्लस असलं तर ही भानगड नाही, म्हणून इन्फिनिटीवालं गणित बिनधास्त चाललं.

करून पाहायला

अ) एक्स: ० ते १, वाय: एक्स ते १, फंक्शन ई^(वाय²), वाय आधी. उत्तर (ई − १)/२.

ब) एक्स: ० ते १, वाय: एक्स ते २−एक्स, फंक्शन एक्स² + वाय², वाय आधी. बदलल्यावर वाय = १ वर तुटेल. दोन्ही भागांची बेरीज ४/३ आली पाहिजे. हेच उलटंही विचारतात, दोन इंटिग्रल्स देऊन एक करा म्हणतात, तेव्हा दोन्ही रीजन एकाच चित्रात काढा, वेगवेगळ्या नाही.

क) वाय: ० ते १, एक्स: √वाय ते १, फंक्शन साइन(एक्स³), एक्स आधी. यात आडवी पट्टी दिलेली आहे, तुम्हाला उभी करायची आहे, एवढं उलटं झालं तरी बरेच जण अडकतात. उत्तर (१ − कॉस १)/३, साधारण ०.१५३. कॅल्क्युलेटरवर ०.००००५ च्या आसपास काही दिसलं तर गणित तपासू नका, मोड डिग्रीवर आहे, रेडियनवर घ्या.